बुटकं दार

“सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी… म्हणजे दूध उतू जायच्या आधी का नंतर?” भिकनबाबांनी मठाच्या आतून विचारलं.

“आधी, बाबा. मी दुधाकडं बघत होते, नि बाळ रांगत रांगत कढत पाण्याच्या बादलीकडं निघालं. धरायला वाकले, तर गुडघाच अडकला. सरळ होईना, वाकेना. नुसती ओरडले हो.”

“मग बाळ?”

“सासूबाईंनी उचललं… पण त्या घरात नसत्या तर?”



कांचन भिंतीला धरून बाहेरच उभी होती. मठाचं दार मुद्दाम बुटकं केलेलं. लहान असो, थोर असो, गुडघे टेकून रांगतच आत जायचं, ही इथली रीत. आणि हिचा उजवा गुडघा तर टेकायलाच तयार नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुडघ्यातली गादी फाटलीय, तिचा तुकडा मध्ये अडकतोय. दुर्बिणीतून ऑपरेशन करू, दोन बारीक भोकं पाडून. सोमवारी या.

सोमवार उद्यावर आला, तशी कांचन दवाखान्याची पिशवी भरायची सोडून मठात आली.

“ऑपरेशनला भिणारी बाई नाही मी,” ती ताठ्यानं म्हणाली. “बाळंतपणात हूं का चूं केलं नाही. विचारा कुणालाही.”

“विचारीन. मग इथं कशाला आलीस?”

“अंगाऱ्यासाठी. साऱ्या गावाला ठाऊक आहे. तुम्ही काठी टेकत होता. अंगारा लावला, आणि आता ह्याच दारातून पोरासारखे रांगता.”

“असं म्हणतंय होय गाव?”

“चिमूटभर द्या, बाबा. उद्याचं टळू दे. भूल दिली नि मी उठलेच नाही तर… अजून अंगावर पितंय हो ते…”

ताठा तिथंच गळला. तिनं पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात दारातून एक पांढरं डोकं बाहेर आलं. मग हात. मग गुडघे.

कांचन ओशाळली. आपल्यासाठी बाबांनी बाहेर यावं!

बाबा उठले, दारालगतच्या ओट्यावर बसले. तिला शेजारी बसवलं. धोतर गुडघ्यावर सारलं.

“बोट ठेव.”

“अहो, बाबा…”

“ठेव म्हणतो ना.”

वाटीच्या दोन्ही बाजूंना दोन डाग. तांदळाच्या दाण्याएवढे.

“इथून दुर्बीण घातली. इथून हत्यार. आत हाडाचा खडा सुटला होता, तो काढला. मी मोठमोठ्यानं नाव घेत होतो, तर डॉक्टर म्हणतात, आजोबा, देवाला ऐकू येतं, जरा हळू.”

कांचनला रडता रडता हसू फुटलं.

“म्हणजे तुम्ही जागे होता?”

“मला कमरेखालची भूल दिली होती. तुला कोणती, ते डॉक्टरांना विचार. अंगावर पाजतेस, तेही त्यांना सांग. मला सांगून माझ्या हाती काय आहे?”

“मग अंगारा?”

“तो कपाळाला लावला होता.”

कांचनचं बोट अजून त्या डागावरच होतं. केवढासा डाग…

“मग लोकांना सांगत का नाही तुम्ही?”

“सांगतो की. अंगारा पदरात बांधून नेतात, आणि दवाखाना ह्या ओट्यावर सांडून जातात.”



मग कांचन भिंतीला धरून उठली. बुटक्या दाराकडं तिनं एकदा पाहिलं.

“आत येऊन माथा टेकायचा राहिला, बाबा.”

“दार कुठं जातंय? गुडघा वाकायला लागला की ये. बाळालाही आण, त्याला रांगायला शिकवावं लागणार नाही.”

ती लंगडत निघाली. आज पिशवी भरायची होती. बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालायच्या होत्या.

“कांचन…”

ती थांबली.

“वाटेत कुणी लंगडताना दिसलं, तर त्याला माझे डाग सांग. अंगारा सांगू नकोस.”