टाळीचा दुसरा हात

“मग माझं चुकलं तरी काय, आई?” असं विचारणारा एक शेठ होता. विरूपाक्षशेठ त्याचं नाव. पेठेत त्याचं बांगड्यांचं दुकान, सगळ्यांत मोठं.

त्याच पेठेत एक गोजरा होती, रायबा गवंड्याची बायको. उजवा हात धड, डावा कोपरापासून खाली कडबाकुट्टीच्या यंत्रानं नेलेला. त्या एका हातानं तिनं लेक वाढवली, भाकरी थापल्या, विटा वाहिल्या.

आणि घाटावरच्या मठात एक रेवाआई होती. पिकली म्हातारी, पण नजर घारीची. शेठ तिचा जुना शिष्य. मठाच्या पायऱ्या त्यानंच बांधून दिल्या होत्या, आणि पायरीपायरीवर आपलं नावही कोरून घेतलं होतं.

त्या दुपारी आई सुपात शेंगा फोडत बसली होती. पुढं शेठ मांडी घालून. भिंतीला टेकून रायबा. गोजरा उभीच. बस म्हटलं तरी बसली नव्हती.

झालं होतं ते असं.

गोजराच्या लेकीचं, कस्तुराचं, लग्न ठरलं. दोन्हीकडच्या बाया बांगड्या भरायला शेठच्या दुकानी गेल्या. लेकीच्या आधी आईनं हात भरायचा, ही त्यांच्या घरची रीत. गोजरा स्टुलावर बसली, हात पुढं केला.

हात भरणारा दिगंबर खेकसला, “ऊठ गं थोटे! अजून बोहनी झाली न्हाई, आन पहिलं गिऱ्हाईक हे? डझनातल्या सहा तुला घातल्या तर उरलेल्या सहा काय खुंटीला घालू?”

आणि तिचा हात त्यानं ढकलून दिला. असा, की स्टूल कलंडलं.

दुकान खदखदा हसलं.

वडगावची हरणाबाई तिथंच होती, होणारी विहीण. ती हसली नाही. पण बोललीही नाही. आणि मागून वडगावचा निरोप आला... ‘लग्नाचं जरा थांबू. जिला दुकानदारानं बोहनीला उठवलं, तिचा हात आमच्या अक्षतांना नको, असं भावकी म्हणतीया.’

गोजरा तक्रार घेऊन दुकानी गेली. “बघतो, बघतो,” शेठ म्हणाला. दिवेलागणीला मागच्या दारानं एक पेटी आली. हिरव्या बांगड्या, दोन डझन, फुकट.

गोजरानं ती पेटी काखेत मारली आणि तडक मठ गाठला. आईनं शेठला दुसऱ्या दुपारचं बोलावणं धाडलं.

तर आता शेठ विचारत होता, माझं चुकलं काय.

आई शेंगा फोडत राहिली...

शेठ रायबाकडं वळला. “रायबा, तू शहाणा आहेस. बायकोला समजाव.”

“त्याचा हात ढकलला का रे?” आईनं विचारलं.

“नाही, पण...” शेठ म्हणाला.

“मग त्याच्याशी काय बोलतोस?”

शेठनं मान फिरवली. गोजराकडं बघायचं म्हणजे त्याला मान वर करावी लागली.

“बाई, तुमचं म्हणणं तरी काय?”

“दुकानात बोलायचं,” गोजरा म्हणाली. “त्याच स्टुलापाशी. बाजाराच्या दिवशी, भरल्या गर्दीत, इहीणबाईच्या म्होरं. ही बाई गिऱ्हाईक म्हणून आली हुती, आमी तिला माणसातनं उठवलं, आमचं चुकलं. एवढंच.”

“अहो, पण पेटी पाठवली ना मी?”

“पेटी तुमची हितं हाय. न्या. मी काय पसा पसरून आले नव्हते. पैसं कनवटीला बांधून आले हुते.”

“बरं, त्या दिगंबरला काढतो कामावरनं. आजच्या आज! मग तर झालं?”

“त्याला काढू नका.”

शेठ चकित झाला. “का? तोच तर बोलला!”

“तो बोलला तवा गल्ल्यावर तुमी हुता. तुमी हसला.”

“मी? छे छे! मी फोनवर होतो बाई. मला ऐकूसुद्धा आलं नाही.”

“फोन कानाला हुता, शेठ. दात मला दिसत हुते.”

आईच्या हातातली शेंग थांबली... मग फुटली.

रायबा भिंतीपासून सरकून पुढं आला. “जाऊ दे गं. मोठी माणसं हायत. उद्या ह्यांच्याच वाड्याचं प्लॅस्टर करायचंय मला.”

“तुमी गप बसा!” गोजरा कडाडली. “पोरीचं लगीन मोडाय लागलंय आन जाऊ दे म्हणता? यष्टीत चढताना कंडक्टर खेकसला, तुमी म्हणला, जाऊ दे. दवाखान्यात त्या बाईनं नाक मुरडलं, जाऊ दे. किती जाऊ दे? जाऊन जाऊन काय उरलंय आता?”

 रायबा परत भिंतीला लागला.

शेठला तेवढंच पुरलं. त्यानं हात जोडले, आवाज मऊ केला, कीर्तनात करतात तसा.

“बघा आई, केवढा हा संताप! तुम्हीच सांगता ना आम्हाला, राग गिळावा, क्षमा करावी. जरा यांनाही सांगा की.”

“ते तुला सांगितलं होतं. हिला नाही.”

“म्हणजे? धर्म काय माणूस बघून बदलतो?”

“पायाखाली बोट चिरडलं तर ओरडतं कोण?”

“ज्याचं बोट तो.”

“आणि सांगायचं कुणाला?”

शेठ घुटमळला. “...ज्याचा पाय त्याला.”

“मग उचल की पाय.”

शेठनं घाम पुसला. तरी वळेना गडी! “आई, पेटीत साध्या बांगड्या नाहीत हो. फिरोजाबादी माल आहे.”

“कुठल्या दारानं धाडलीस?”

“अं?”

“पेटी, पेटी. कुठल्या दारानं गेली?”

“...मागच्या.”

“थुंकलास चौकात, आणि पुसायला माजघरात गेलास होय रे?”

शेठची कानशिलं तापली. असं त्याला कुणी बोलत नसे. पेठेत लोक त्याला बघून सायकलीवरनं उतरत. इथं तर एका गवंड्याच्या बायकोसमोर त्याची सालं निघत होती. त्याचा तोल सुटला.

“सगळं माझ्याच माथी का, आई? ही काय गरीब गाय आहे? बघताय ना जीभ! तिथंही काहीतरी बोलली असेल. टाळी काय एका हातानं वाजत नाही!”

बोलून गेला...

मग त्याचं त्याला कळलं, कुणासमोर काय बोललो ते.

रायबा ताडकन उभा राहिला. कधी वर न बघणारा माणूस, पण डोळ्यांत रक्त उतरलं होतं. गोजराचा पदर डाव्या बाजूनं घसरला. तिनं तो सावरला नाही. थोटा हात तसाच उघडा राहू दिला.



आईनं सूप बाजूला सारलं. लुगड्यावरची टरफलं झटकली.

“विरूपाक्षा, हात पुढं कर.”

शेठला वाटलं, आई प्रसाद देते. संपलं भांडण. त्यानं उजवा तळवा पुढं धरला.

“गोजरे, शेठला टाळी दे.”

गोजरा आईकडं बघत राहिली.

“दे म्हणते ना. आहे तेवढ्या हातानं दे. राखू नको.”

गोजरानं हात उचलला. विटा वाहिलेला हात तो. भाकऱ्या थापलेला. यष्टीच्या दांड्याला एकटाच लोंबकळलेला. तो असा काही खाली आला, की मठाच्या वळचणीचे पारवे फडफडून उडाले.

शेठनं हात छातीशी धरला. डोळ्यांत पाणी तरारलं.

“वाजली?” आईनं विचारलं.

“वाजली... आई गं!”

“मोठी वाजली का बारकी?”

“मोठी.”

“दुसरा हात कुणाचा होता?”

शेठ आपल्या तांबड्या तळव्याकडं बघत राहिला.  मग पेटी उचलून निघाला. आपलंच नाव असलेल्या पायऱ्या उतरताना त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं खाली बघितलं नाही.

बाजाराचा दिवस आला. दुकान बायांनी फुललेलं. शेठनं वडगावला स्वतः जाऊन हरणाबाईला बोलावून आणलं होतं. तो स्टुलापाशी उभा राहिला. शेजारी दिगंबर, मान खाली घालून.

“या बाई आमच्या दुकानी आल्या होत्या...” शेठ पुटपुटला.

“मोठ्यांदी, शेठ!” गोजरा दारातनं म्हणाली. “हसणं पार रस्त्यापातूर ऐकू आलं हुतं.”

 शेठ मोठ्यानं बोलला. बाई गिऱ्हाईक म्हणून आल्या. माझ्या माणसानं त्यांना हिणवलं, ढकललं. मी मालक, गल्ल्यावर बसून हसलो. चूक दुकानाची. यात अपशकुन असेल तर तो आमच्या तोंडाचा, त्यांच्या हाताचा नाही.

“चुकलो, ताई,” दिगंबर म्हणाला. त्याच्या तोंडात ‘ताई’ नवीन होतं, अडखळलं.

शेठनं फडक्यानं स्टूल पुसलं. “बसा. आज मी स्वतः हात भरतो.”

गोजरानं स्टुलाकडं बघितलं. शेठकडं बघितलं.

“ऐकलं,” म्हणाली. आणि कस्तुराचा हात धरून चालू पडली.

रस्त्यापल्याड ताडपत्रीखाली सुगलाबाई बांगड्यांची टोपली मांडून बसायची. गोजरा तिच्यापुढं जाऊन बसली. आणि बघा, हरणाबाई मागोमाग आली. भर बाजारात खाली धुळीत टेकली. गोजराचा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला.

“मी तवाच बोलायला पायजे हुतं, इहीणबाई,” ती म्हणाली. मग सुगलाबाईला म्हणाली, “आधी आईचा हात. गच्च भर. मग पोरीचा.”

हिरव्यागार बांगड्या मनगटापासून वर चढल्या. भावकीची तोंडं हरणाबाईनंच बंद केली.

लग्न लागलं. रायबाच्या दारी मांडव पडला, पहिल्या अक्षता गोजराच्या हातनं पडल्या. कस्तुरा चांगल्या घरी पडली. सासू तिला कधी उणं बोलली नाही.

त्या लग्नाच्या सकाळी आई मठातनं निघायच्या बेतात होती, तेवढ्यात शेठ आला. तोंड उतरलेलं.

“आई, सगळ्या बाजारासमोर नाक घासलं मी. तरी तिनं बांगड्या दुसरीकडं भरल्या. आणि माफ केलं का नाही, त्यावर चकार शब्द नाही! म्हणाली काय, तर ‘ऐकलं’.”

आई कोपऱ्यात काठी शोधत होती.

“माल मांडतोस तशी माफी मांडलीस ना तू?”

“मांडली, आई. मनापासून मांडली.”

आईला काठी सापडली. ती उंबऱ्यापाशी थांबली.

“मग दुकान उघडं ठेव, आणि बस. गिऱ्हाईक आहे ती. पटलं तर घेईल...”