मोराची बाग आणि गाईंची बाग

एका राज्यात एक राजा होता. मनाचा चांगला, पण हौशी फार. एकदा त्याच्या मनाने घेतलं की सात मुलखांचं मोठं प्रदर्शन भरवायचं. विणकरांचे माग, कुंभारांचे रांजण, बोलणारे पक्षी, तऱ्हेतऱ्हेची वाद्यं, सगळं गावाबाहेरच्या एकाच माळावर. आणि मांडवांच्या मधून सगळ्यांना फिरायला हिरवीगार बाग. तयारीला मुदत तीन वर्षांची.

माळ अगदी उघडाबोडका होता. पश्चिमेच्या अंगाला तेवढा एक वाकडातिकडा करंज उभा होता. राजाने माळाचे दोन भाग केले. पूर्वेचा भाग दिला दरबारच्या उद्यानपंडितांना, आणि पश्चिमेचा दिला गुणाबाईला.

गुणाबाई म्हणजे माळाच्या कडेला राहणारी म्हातारी माळीण. तो करंज तिच्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षी लावला होता, आणि हिने कमरेवर घागरी वाहून जगवला होता. नवरा गेला, झाड तेवढं राहिलं. रोज संध्याकाळी ती त्याच्या बुंध्याला टेकून बसायची.

राजा म्हणाला, "ज्याची बाग मला जास्त आवडेल, त्याच्या हाती सगळा माळ देईन. दुसऱ्याची बाग मोडायची."

पंडितांनी करंजाकडे बघून नाक मुरडलं. "मग आधी हे बेंगरूळ झाड तोडीन म्हणतो. नक्षीत बसत नाही."

गुणाबाई करंजाच्या बुंध्यापाशी जाऊन उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी पंडित राजवाड्याच्या मनोऱ्यावर चढून बसले. हातात लाल निशाण. निशाण डावीकडे हललं की खाली मजूर डावीकडे खणायचे, उजवीकडे हललं की उजवीकडे. जेवणही वरच, झोपही वरच! खाली उतरायचं नाव नाही. तीन वर्षांत त्यांनी फुलझाडांचा आणि रंगीत फरशांचा एक भलामोठा मोर काढला. पिसाऱ्यातला एकेक डोळा ओळखू यावा इतका हुबेहूब.

आणि गुणाबाई? तिने काय करावं, तर शेजारच्या गुराख्याकडून बारा गाई मागून आणल्या आणि माळावर मोकळ्या सोडल्या. भर दुपारी गाई जिथे जिथे बसल्या, तिथे तिथे तिने चुन्याच्या फक्कीने गोल काढला. उन्हाळाभर हेच चाललं होतं. लोक हसून हसून बेजार झाले.

"बाई, बाग माणसांसाठी करताय की गुरांसाठी?"

"अहो, वारा कुठून येतो ते गाईला कळतं," गुणाबाई म्हणाली. "ती उगाच कुठे बसत नाही. आणि राजाला बरं वाटावं म्हणून तर मुळीच बसत नाही!"

मग त्या गोलांच्या कडेने तिने शेवगा लावला, करंजाच्याच बिया पेरल्या, मांडव घालून मधुमालतीचे वेल चढवले. एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत गाईंनीच पायवाटा पाडल्या होत्या, त्या तिने तशाच ठेवल्या. तीन वर्षांत झाडं दोन पुरुष उंच झाली.

चैत्र उजाडला. राजा निकाल द्यायला मनोऱ्यावर चढला. पूर्वेला मोर नाचत होता. पश्चिमेला नुसता पाल्याचा हिरवा ढीग.

"वाहवा पंडित!" राजा म्हणाला. "जिंकलात. प्रदर्शन संपलं की पश्चिमेलाही एक मोर काढा."

गुणाबाईने निकाल ऐकला. त्या दिवशी ती करंजाला मिठी मारून पोटभर रडली. "तुला वाचवता नाही रे आलं मला," म्हणाली.

प्रदर्शन सुरू झालं. सात मुलखांची माणसं लोटली. दुपारी राजाने मोठ्या कौतुकाने मनोऱ्यावरून खाली पाहिलं, तर मोरावर चिटपाखरू नाही! एवढी हजारो माणसं गेली कुठे? राजा घाबरला. मुकुट आणि जोडे वरच ठेवून तसाच धावत खाली उतरला.

मोराच्या चोचीपाशी पाय ठेवला आणि राजा "आई गं!" म्हणून उडालाच. फरशी तव्यासारखी तापलेली. टेकायला जागा नाही, सावली गुडघ्याएवढी, आणि पिसाऱ्याच्या एकेका डोळ्याला वळसा घातल्याशिवाय पुढे जाता येईना. चालता चालता राजाला भोवळ यायला लागली. तसाच धडपडत तो पश्चिमेच्या पाल्यात शिरला.

आणि एकदम सगळं मऊ झालं. ऊन हिरवं झालं. वाऱ्याची झुळूक कुठूनशी हळूच आली. सात मुलखांची माणसं गोल गोल बसली होती. कुणी भाकरी सोडली होती, कुणी पेंगत होतं, एक बाई बाळाला थोपटत होती, आणि मांडवातला बोलणारा पोपटसुद्धा गप्प बसला होता. वरून करंजाची फुलं लाह्यांसारखी टपटपत होती.

"सरका हो जरा," एक कुंभार म्हणाला, "पाहुणे उन्हातून आलेत."

मुकुट नव्हता, त्यामुळे राजाला कुणीच ओळखलं नाही. तो करंजाखाली बसला, आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. स्वप्नात तो लहान होता, कुणाच्या तरी मांडीवर डोकं होतं, आणि कुठे जायची घाई नव्हती.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. समोर गुणाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"आजी," राजा हळूच म्हणाला, "वरून ही बाग मला दिसलीच नाही."

"दिसायची कशी, महाराज? ती वरून बघायला केलीच नव्हती. खाली बसायला केलीय."

राजाने मान खाली घातली. "चुकलो मी. करंजाला कुणी हात लावणार नाही. सगळा माळ तुझ्या हाती दिला." गुणाबाईने पदर डोळ्यांना लावला.

एवढ्यात करंजाच्या पलीकडच्या अंगाने घोरणं ऐकू आलं. जाऊन बघतात तर काय, तोंडावर लाल निशाण पांघरून उद्यानपंडित गाढ झोपलेले! तीन वर्षांत पहिल्यांदाच खाली उतरले होते. राजाने निशाण बाजूला केलं, तसे पंडित दचकून उठले, राजाकडे पाहिलं, माळिणीकडे पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, त्या गाई मला चार दिवस मिळतील का हो?"

तात्पर्य: लोकांसाठी काही करायचं असेल तर आधी त्यांच्यात जाऊन बसावं. मनोऱ्यावरून नक्षी दिसते, पायाला बसणारा चटका दिसत नाही.