रेवतीचा चमचा

“भीती म्हणतोस, तर मग रेवती पळून का जात नाही?” लतीफबाबांनी विचारलं.

“पळणार कुठे? एकटं पडण्याचीच भीती आहे ती, बाबा. लहानपणी बाप घर सोडून गेला. आता जो पुरुष घरात टिकेल त्याला ही धरून ठेवणार. प्रेमाबिमाचा काही संबंध नाही!”

बोलणारे प्राध्यापक टाकसाळे. मानसशास्त्राचे. साडेसातच्या मालिकेतल्या रेवती-सुबंधू या जोडप्याची त्यांनी पेपरात तीन रविवार चिरफाड केली होती. माणूस हुशार, त्यात वाद नाही. पण काटा कितीही अचूक असला तरी त्यावर अत्तराची कुपी तोलता येते, वास नाही.

तिसरा लेख छापून आला त्याच दिवशी त्यांची बायको मंदाकिनी बॅग भरून खुलताबादला माहेरी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, “त्या दोघांचं तुम्हाला कळलं नाही, आपलं काय कळणार?”

आज महिन्याने ते तिला न्यायला आले होते. सासुरवाडी दोन गल्ल्या पुढे. पण पाय उचलेना, म्हणून मन्नानशेठ अत्तरवाल्याच्या ओट्यावर टेकले. तिथे आंधळे लतीफबाबा रोज संध्याकाळी दुकानातल्या टीव्हीवर हीच मालिका ऐकत. हो, ऐकत. आताही ती चालू होती.

“चारशे भाग झाले,” टाकसाळे म्हणाले. “एकदा तरी ती म्हणाली का, माझं तुमच्यावर प्रेम आहे?”

“रोज म्हणते.”

“कधी?”

“चहा देताना.”

मन्नानशेठ खुदकन हसले. “लिहा सर, चौथा लेख!”

बाबा मात्र हसले नाहीत. “सासऱ्याच्या कपात साखर ढवळते, मग चमचा काठावर दोनदा झटकते. टण् टण्. दिराच्या कपावरही तसंच, आल्यागेल्याच्याही. सुबंधू सतार जुळवत बसलेला असतो... त्याच्या कपावर चमचा वाजत नाही.”

“अहो बाबा, ती नटी आहे! चमचा तर स्टुडिओत आवाज भरणारा माणूस वाजवतो.”

“मग त्यालाही ठाऊक आहे.”

टाकसाळे काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी चाचपत त्यांचा हात धरला. “चहाची वेळ झाली तिची. डोळे मीट.”

त्यांनी मिटले.

टण् टण्. सासऱ्याचा.

टण् टण्. दिराचा.

मग सतारीची एक तार. कोणीतरी ती हळूहळू वर चढवत होतं... कप टेकला, इतका अलगद की टेकला म्हणायचं एवढंच. तार तशीच वर गेली. सूर कुठे तुटला नाही.

टाकसाळ्यांनी डोळे उघडले. चारशे भाग त्यांनी वही घेऊन पाहिले होते.

“बेटा, लेख कधी लिहितोस?”

“पहाटे पाचला बसतो.”

“आणि चहा?”

“येतो.”

“येतो... चमचा वाजतो?”

टाकसाळे आठवू लागले. बावीस वर्षांच्या पहाटा. टेबल, दिवा, कागद. डाव्या हाताशी वाफाळता कप. तो तिथे यायचा कसा?

“नाही, बाबा... मी कधी ऐकला नाही.”

“ऐकला नाहीस, की वाजला नाही?”

मन्नानशेठनी हळूच टीव्हीचा आवाज कमी केला. गिऱ्हाईक आलं, त्याला हातानेच थांबवलं...

टाकसाळे उठले. चपलेत पाय सरकवले.

“बाबा... तिला जाऊन काय म्हणू?”

“म्हणायचं काय त्यात? चहा तू कर.” बाबांनी टीव्हीकडे कान वळवला. “आणि चमचा सांभाळ.”