चार वाजताची सभा

“ज्यानं दोन वर्षं संघटना अंगाखांद्यावर वाढवली त्याला बाजूला सारायचं, अन् परवा आलेल्या मुलीला अध्यक्ष करायचं… हा कुठला न्याय, सर?”

म्हातारे भन्ते चिवराची उसवलेली कड शिवत होते. सुई थांबली नाही.

“सर नाही म्हणायचं,” मी म्हणालो. “भन्ते म्हणा.”

“असू दे,” भन्ते म्हणाले. “चौथी ते सातवी गणित शिकवलंय मी याला. उत्तर जुळलं नाही की पुस्तकात चूक आहे म्हणायचा.”

विद्यापीठाच्या मागं टेकडी आहे, तिच्यावर आमचा छोटा विहार. मी तिथं झाडलोट करतो, पाणी भरतो. शाळेत गेलो नाही, त्यामुळं ऐकलेलं माझ्यात जसंच्या तसं राहतं. त्या दिवशी मी ओट्यावर उद्याच्या भोजनाचे तांदूळ निवडत होतो. एप्रिलचं ऊन होतं. तीन वाजून गेले होते.

आलेल्या मुलाचं नाव उत्कर्ष नरवडे. विद्यापीठात पीएच.डी. करत होता. तिथल्या संशोधक विद्यार्थ्यांची एक संघटना आहे, तिचा तो दोन वर्षं सचिव. आठ दिवसांमागं निवडणूक झाली, हा अध्यक्षपदाला उभा राहिला, आणि तृप्ती घनघाव नावाच्या मुलीनं त्याला पाडलं.

“किती मतांनी?” भन्तेंनी विचारलं.

“एकतीस. त्यातली नऊ माझ्याच विभागातली.”

“नावं माहीत आहेत?”

“तोंडपाठ.”

भन्तेंनी दोरा दातानं तोडला.

“आणि त्या मुलीनं काय केलं?”

“काही नाही! तेच तर सांगतोय. हसते. सगळ्यांशी हसते. कुणाची आई आजारी, कुणाचा गाइड छळतो, कुणाचं लग्न मोडलं, सगळं लक्षात ठेवते. याला काय काम म्हणायचं? पत्रं मी लिहिली. कुलसचिवांच्या दारात तासन् तास मी उभा राहिलो. संघटनेची घटना मी लिहिली, सतरा पानं! तिला विचारा, सातव्या कलमात काय आहे. सांगता यायचं नाही.”

“तुला विचारते का?”

“विचारते ना. ‘दादा, हे कसं करायचं? दादा, ते कसं करायचं?’”

“मग सांगतोस?”

“सांगतो… अर्धं.”

भन्तेंनी शिवलेली कड बोटानं चाचपली.

“निकाल लागला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, नरवडे दादांशिवाय ही संघटना उभीच राहिली नसती.”

“खोटं बोलली?”

“नाही. खरंच आहे ते.”

“मग?”

“तिनं कशाला बोलायचं?”

मी तांदळात मान घातली. हसू दिसू नये म्हणून.

“काल ऑफिसात गेलो,” तो म्हणाला. आता आवाज खाली आला होता. “माझ्या कपात ती चहा पीत होती.”

“तुला दुसरा कप नाही?”

“आहेत. दोन आहेत.”

“हं.”

“खुर्ची जरा पुढं ओढून घेतलीय तिनं. खिडकी उघडलीय. दोन वर्षांत मला ती खिडकी उघडता आली नव्हती, गंजली होती. तिनं कुणाला तरी हाक मारली अन् उघडली. लोक येऊन बसतात तिथं. काम नसताना बसतात, भन्ते. माझ्याकडं काम असलं तरच यायचे.”

भन्ते त्याच्याकडं वळले.

“माझ्याकडं काय पाहिजे तुला?”

“शांती.”

असं म्हणून त्यानं घड्याळ पाहिलं. आल्यापासून सातव्यांदा पाहिलं असेल.

“घाई आहे का?”

“नाही, नाही. आज मला कुठंच जायचं नाही.”

एवढ्यात पायऱ्या चढून भन्ते सुदस्सन आले. खालच्या वस्तीत पोरांना शिकवून येतात ते रोज या वेळी. वय एकोणतीस.

म्हातारे भन्ते गुडघ्यावर हात देऊन उठले. पुढं होऊन त्यांची झोळी घेतली. तांब्यानं त्यांच्या पायांवर पाणी घातलं. मग जमिनीवर कपाळ टेकवून तीनदा वंदन केलं.

“सुखी होतु,” भन्ते सुदस्सन म्हणाले, आणि आत गेले.

उत्कर्षचं तोंड उघडंच राहिलं.

“भन्ते… तुम्ही एकाहत्तर वर्षांचे.”

“हो.”

“ते तुमच्या नातवासारखे.”

“त्यांनी दीक्षा घेतली त्याला नऊ वर्षावास झाले, नऊ पावसाळे. मी नोकरी संपवून आलो, माझे पाच. आमच्याकडं आधी आलेला वर बसतो. वय बघत नाहीत, अक्कल बघत नाहीत.”

“पण ज्ञान तुम्हाला जास्त आहे.”

“आहे.”

उत्कर्ष जरा पुढं सरकला. त्यानं विचारलं, “ते सूत्र म्हणताना चुकतात का?”

“कधी कधी. ओळ गाळतात.”

“मग तुम्ही?”

“मीही गाळतो. त्यांच्या मागून म्हणायचं असतं.”

“सगळ्यांसमोर?”

“नंतर दोघेच असताना सांगतो, इथली ओळ राहिली म्हणून. पूर्ण सांगतो.”

‘पूर्ण’ हा शब्द त्याला लागला असावा, किंवा मलाच तसं वाटलं.

“आणि तुमच्या मनात काहीच येत नाही? तुम्ही साधू माणूस. तुम्हाला दुखत नाही.”

“दुखतं की.” भन्तेंनी पोटावर हात ठेवला. “इथं.”

“पाच वर्षं?”

“आज सकाळी थांबलं होतं.”

“मग?”

“मग त्यांनी सूत्र न चुकता म्हटलं.”

पोरगा हसेल असं मला वाटलं. हसला नाही. घड्याळ पाहिलं त्यानं.

चार वाजून गेले. विद्यापीठाच्या बाजूनं कसलाच आवाज येत नव्हता. भन्तेंनी पुन्हा सुईत दोरा ओवायला घेतला. डोळे अधू झालेत, लवकर ओवता येत नाही, पण दुसऱ्याला देतही नाहीत.

त्याचा फोन वाजला.

टेकडीवर नीट ऐकू येत नाही, म्हणून त्यानं फोनचा आवाज मोठा केला आणि ओट्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. टोकाला म्हणजे माझ्यापासून चार हातांवर.

“अरे एकोणसाठ झाले,” पलीकडून कुणीतरी कुजबुजत होतं.

“एकोणसाठ? पवन, आपली अकरा पोरं येणार नव्हती ना?”

“आली ना सगळी. समोसे ठेवलेत बाहेर. आधी समोशापर्यंत आली, मग आत आली.”

“अन् तू कुठं आहेस?”

“मी…” पलीकडं खुर्ची करकरली. “मी आतच आहे. बाहेर ऊन फार होतं रे. अन् आत शिरताना ती म्हणाली, पवन, सही कर. केली मग.”

“गाढवा!”

“ऐक ना. तरी एक कमी आहे. तू येऊ नकोस म्हणजे झालं. साडेचार वाजू दे. साडेचारला ती गेली.”

फोन बंद झाला. उत्कर्ष परत येऊन बसला. मांडी घातली, डोळे मिटले. ध्यानाला बसतात तसा बसला.

“कोण गेली साडेचारला?” भन्तेंनी विचारलं.

डोळे उघडले नाहीत त्यानं. “काही नाही, भन्ते.”

“हे ‘काही नाही’ मला समजून घ्यायचंय.”

मग हळूहळू निघालं सगळं. आज चार वाजता नव्या अध्यक्षांची पहिली सर्वसाधारण सभा. तिला साठ सभासद हजर पाहिजेत. अर्ध्या तासात साठ भरले नाहीत तर अध्यक्षाची निवड रद्द, आणि अध्यक्षपद मावळत्या सचिवाकडं. कलम अकरा.

“हे कलम कुणी लिहिलं?”

“मी.”

“कशासाठी?”

त्यानं ओट्यावरचा तांदळाचा एक दाणा उचलला.

“मी अध्यक्ष झाल्यावर माझ्या पहिल्या सभेला सगळ्यांनी यावं… म्हणून.”

भन्तेंनी सुई खाली ठेवली.

“आज सभेत विषय काय आहे?”

“ठराव आहे. पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना या महिनाअखेर वसतिगृह सोडायला सांगितलंय. प्रबंध पुरा होईपर्यंत राहू द्या, असा ठराव. उद्या विद्यापीठाची बैठक आहे. आज मंजूर झाला तरच तिथं पोचेल.”

“किती मुलं?”

“तेवीस.”

“ती मुलगी पाचव्या वर्षाला आहे?”

“तिसऱ्या. तिला काय पडलंय!”

“आणि तू?”

त्यानं डोळे उघडले.

“पाचव्या,” तो म्हणाला.

माझ्या मनात एक म्हण आली होती, नाकाची. पण आलेली प्रत्येक म्हण बोलून दाखवायची नसते, एवढं या विहारात राहून शिकलोय.

“मी काहीच केलेलं नाही, भन्ते,” तो म्हणाला. आता आवाज चढला होता. “कुणाला अडवलं नाही. खोटं बोललो नाही. नियम मोडला नाही. तुमच्या पायाशी नुसता बसलोय. नुसतं बसण्यात काय पाप आहे?”

“म्हणजे तू इथं आला नाहीस.”

“अं?”

“तू तिथं गेला नाहीस. ते करायला तुला कुठंतरी बसायला लागणारच. इथं सावली आहे.”

त्याचे कान लाल झाले.

भन्ते उठले. चिवर खांद्यावर घेतलं, खालच्या पायरीवरच्या चपला पायात सरकवल्या आणि चालायला लागले. हळू चालतात ते, पण थांबत नाहीत.

“कुठं निघालात?”

“सभेला. एक कमी आहे म्हणाला ना तो.”

“भन्ते, तुम्ही सभासद नाही! तुम्हाला मोजणार नाहीत.”

“मोजत नाहीत?” भन्ते वळले. “अरेरे. मग ज्याला मोजतात त्यानं जायला पाहिजे होतं.”

आणि परत उतरायला लागले.

मी सूप बाजूला ठेवलं आणि छत्री घेऊन मागं गेलो. ऊन डोक्यावर नव्हतं, पण समोरून येत होतं आणि भन्तेंचं डोकं उघडं. उत्कर्ष माझ्या मागं. आधी चार पावलं मागं होता. मग दोन. पायवाटेवर मुरूम सुटलाय. भन्तेंचा पाय सरकला तेव्हा त्यानंच पुढं होऊन दंड धरला.

“फिरा मागं, सर. पडाल.”

“किती वाजले?”

“चार अठरा.”

“इथून सभा किती लांब?”

“तुमच्या चालीनं अर्धा तास. माझ्या… दहा मिनिटं.”

“गणित चांगलंय तुझं.”

तो उभाच. भन्तेंचा दंड सोडेना. खाली विद्यापीठाच्या इमारती दिसत होत्या. निलगिरीच्या झाडांपलीकडं सभागृहाचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं.

“सगळे वळून बघतील,” तो म्हणाला. “उशिरा आलो म्हणून टाळ्या वाजवतील. ती उठून उभी राहील. ‘या दादा’ म्हणेल. मला सहन होणार नाही ते.”

“हो.”

“पवन म्हणेल, मला शिव्या घातल्यास अन् स्वतः आलास.”

“म्हणेल.”

“ठराव मंजूर होईल. उद्या पेपरात तिचा फोटो येईल. माझी खोली राहील, अन् ती तिनं राखली असं होईल. प्रबंध पुरा होईपर्यंत त्या खोलीत मी तिचंच नाव ऐकत बसायचं.”

भन्ते वाट बघत उभे होते. मी छत्री धरून उभा होतो. छत्री लहान, सावलीत दोघंच मावत होते. तो उन्हात.

“मी गेलो नाही तर मी अध्यक्ष,” तो म्हणाला. “साडेचारला. कायद्यानं.”

“कायद्यानं.”

“आणि गेलो तर ती.”

“ती.”

त्यानं भन्तेंचा हात सोडला. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. दोन पावलं उताराला लागला. परत थांबला, आणि मागं न बघताच ओरडला. रागानं ओरडला, की रडत होता, मला पाठीवरून समजलं नाही.

“मग मी कोण, सर?”

भन्ते म्हणाले, “साठावा.”