गोड पाण्याचा क्रूस

वसईच्या किनारपट्टीत पाचबन नावाचं गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती देवळामागे उतरलं की केळीच्या वाडीत लपलेलं एक मोठं बावखल लागतं. बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायला पूर्वजांनी हातांनी खणलेलं तळं. पाचबनच्या बावखलाच्या पूर्वेकडे दगडी पायऱ्या आहेत आणि त्यातल्या अकराव्या पायरीवर, थेट पाण्यात, एक दगडी क्रूस उभा आहे. पावसाळ्यात त्याचे फक्त दोन हात वर दिसतात. उन्हाळ्यात पाणी उतरतं तसा तो हळूहळू उघडा पडतो. नवीन माणसाला वाटतं, कोणीतरी इथे बुडून मेलं असेल आणि त्याची ही खूण असेल.

देवळाची घंटा वाजवणारे कायतान मास्तर तसं विचारणाऱ्याला पायरीवर बसवतात. म्हणतात, "बुडालं कोणी नाही. बुडणार होतं ते सगळं गाव." मग ते सांगू लागतात.

तेव्हा किल्ल्यावर कोणाचं निशाण होतं हे आता कोणाला आठवत नाही. बावखलावर नऊ रहाट होते हे मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. रेडा गोल फिरायचा, रहाटाचं चाक फिरायचं, चाकावरची गाडग्यांची माळ रिकामी खाली जायची आणि भरून वर यायची. हे नऊही रहाट एका माणसाने बांधले होते. त्याचं नाव सांतान. सांतान सुतार होता, आणि रहाटाच्या नुसत्या कुरकुरीवरून कुठला दात झिजलाय ते तो घरात बसून सांगे, असं म्हणतात. बावखलाच्या काठाला त्याची स्वतःची लहानशी वाडी होती आणि नऊपैकी एक रहाट तिचा. तिच्यात त्याने तीन वर्षं खपून पानवेल चढवली होती. त्या वर्षी पहिल्यांदा तिची पानं बाजारात जायची होती. बायको कोंसू आणि ही पानवेल, एवढाच त्याचा संसार.

गावाच्या पश्चिमेला खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची खारी जमीन होती, आणि खाजणात मिठागरं. तिथे काम करणाऱ्यांच्या वीसेक झोपड्या होत्या. ती माणसं ख्रिस्ती नव्हती, त्यांच्याजवळ जमीन नव्हती आणि गोड्या पाण्याचा थेंबही नव्हता. मिठागरातल्या बाया रोज हंडे घेऊन बावखलाच्या पायऱ्या उतरत. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं आणि कोणी अडवतही नव्हतं.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. दुसऱ्या वर्षी माघातच पाणी असं उतरलं की रहाटाची गाडगी रिकामी वर येऊ लागली. गावात सर्वांत मोठी वाडी बस्त्यावची. नऊपैकी चार रहाट त्याचे. तो सांतानच्या दारात आला आणि म्हणाला, "बाबा, काहीतरी कर. नाहीतर तुझी चाकं जाळून पेज शिजवायची वेळ येईल."

सांतानने केलं. प्रत्येक माळेत त्याने सात सात गाडगी वाढवली. माळा लांब झाल्या, खोल गेल्या आणि भरून वर येऊ लागल्या. आजूबाजूच्या गावांत केळी करपत असताना पाचबन हिरवंगार राहिलं. रविवारी देवळाबाहेर माणसं सांतानला पुढे घालू लागली. म्हणे बस्त्यावने त्याला आपल्या शेजारी पहिल्या बाकावर बसवलं. सांतानला ते आवडलं. त्याला न आवडायला तो काही संत नव्हता.

पायऱ्या मात्र पाण्याच्या वरच संपल्या. बायांचे हंडे पोचेनात. कोणी दोर सोडला की रहाट हाकणारे ओरडत, गाळ ढवळू नका. बायांना चिखलात उतरून वाट्यांनी पाणी भरावं लागे. त्यांच्यात धर्मी नावाची एक म्हातारी होती. तिची सून पोटुशी होती, दिवस भरत आले होते.

एके सकाळी धर्मी सांतानच्या अंगणात येऊन उभी राहिली. हंड्याबद्दल ती भांडेल असं त्याला वाटलं होतं. तिने दुसरंच सांगितलं.

"सांतानभाव, पाणी फिरतंय."

सांतानने माठातलं पाणी पिऊन पाहिलं आणि तो हसला. म्हणाला, "बाय, मीठ तुझ्या जिभेत मुरलंय. पाण्यात नाही."

"जन्म मिठात गेला म्हणून तर सांगते," धर्मी म्हणाली. "पाणी कधी मीठ धरेल ते आम्ही चाखून ओळखतो, डोळ्यांनी नाही. जमिनीत खाली समुद्र आहे आणि त्याच्यावर तुमचं गोड पाणी बसलंय. ते बसलंय म्हणून समुद्र दबून आहे. तुम्ही वरचं उपसत राहिलात तर खालचा उठेल. आज माझ्या जिभेला कळतंय. पंधरा दिवसांनी तुझ्या जिभेला कळेल. तेव्हा कळून उपयोग नाही."

ती गेली. सांतानने ती गोष्ट मनाबाहेर टाकली. निदान तसा प्रयत्न केला. पण त्या दिवसापासून रहाटाची कुरकुर त्याला वेगळी ऐकू येऊ लागली. पानवेलीच्या पानांची टोकं तांबूस झाली. ऊन लागलं असेल, तो स्वतःशी म्हणाला. बस्त्यावच्या केळीच्या कडा करपल्या. वारा लागला असेल, बस्त्याव म्हणाला. मग उपवासकाळातल्या एका शुक्रवारी दुपारी कोंसूने त्याच्यापुढे पेज ठेवली. एक घोट घेऊन तो म्हणाला, मीठ जास्त झालंय.

कोंसू चुलीजवळून वळली. "आज मी मीठ घातलेलंच नाही," ती म्हणाली.

सांतानने उठून माठातलं पाणी पुन्हा चाखलं.

त्याच दिवशी देवळात क्रुसाची वाट होती. प्रभूच्या छळाची चौदा स्थानं भिंतीवर होती आणि सगळा गाव एकेका स्थानापुढे गुडघे टेकत चालला होता. सांतान मनाशी तोलत होता. बोलावं तर रहाट थांबणार. रहाट थांबले तर पहिली मरणार ती त्याची पानवेल, कारण पानवेलीला दोन दिवसांचाही खाडा सोसत नाही. गप्प बसावं तर अजून महिनाभर सगळं हिरवं राहील, आणि मग बावखल कायमचं खारं. मिठागरातली माणसं तर त्याआधीच संपतील. बाराव्या स्थानाशी पाद्रीबाबा नेहमीचं वाचू लागले: खिळलेल्या प्रभूने पाणी मागितलं आणि शिपायांनी आंबेत, म्हणजे आंबलेल्या दारूत, भिजवलेला बोळा त्याच्या तोंडाला लावला. सांतानने हे लहानपणापासून ऐकलं होतं. आंब देणाऱ्या शिपायांचा त्याला दरवर्षी राग येई. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला वाटलं, तो बोळा आपल्याच हातात आहे.

उरलेल्या स्थानांसाठी तो थांबला नाही. वाडीत गेला आणि करवत घेऊन त्याने आपल्याच रहाटाचा लाकडी आस कापला. त्याचे दोन तुकडे आडवे-उभे जोडले. खांद्यावर घेऊन तो बावखलावर आला तेव्हा लोक देवळातून बाहेर पडत होते आणि रहाट पुन्हा जुंपले जात होते. सांतान पायऱ्या उतरला. शिमग्याच्या आधी, माळा वाढवण्यापूर्वी, पाणी जिथवर होतं ती अकरावी पायरी. आता ती कोरडी होती, पाणी तिच्याखाली दोन हात. तिच्या सांध्यात पहार घालून त्याने क्रूस रोवला आणि त्याला पाठ लावून उभा राहिला.

वर माणसं जमली. सांतानने सगळं सांगितलं. सात गाडगी वाढवली ती आपली चूक, हेही सांगितलं. पाणी या क्रुसाच्या पायाला लागेपर्यंत एकही रहाट फिरता कामा नये. हंड्याने काढायचं ते फक्त पिण्यापुरतं, आणि पहिला हंडा मिठागराचा.

बस्त्याव वरून म्हणाला, "हे तुला पाद्रीबाबांनी सांगितलं का?"

"धर्मीने सांगितलं."

"म्हणजे आता मिठागरवालीच्या जिभेवर आमची वाडी चालायची."

माणसं हसली. बस्त्याव हसला नाही. त्याचा सर्वांत मोठा रहाट पायऱ्यांना लागूनच होता आणि त्याची भरलेली माळ सांतानच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून वर जात होती. बस्त्यावने हाकणाऱ्याला खूण केली. हाकणारा चुळबुळला. बस्त्यावने दुसऱ्यांदा खूण केली तेव्हा त्याने रेडा हाकला. चाक कुरकुरलं. सांतानने एक पाऊल बाजूला टाकलं. मागे नाही, माळेच्या वाटेत. खालून भरून येणारं पहिलं गाडगं त्याच्या खांद्यावर आपटून फुटलं. दुसरं कानाजवळ फुटलं. रक्त आणि पाणी मिळून त्याच्या सदऱ्यावर ओघळलं.

तिसरं गाडगं आलंच नाही. रेडा थांबला होता. म्हणे तो जागच्या जागी पुढचे पाय दुमडून बसला आणि चाबकालाही उठला नाही. काही जण म्हणतात, हाकणाऱ्यानेच दावं ओढून धरलं होतं. कायतान मास्तर म्हणतात, दोन्हीपैकी कुठलंही खरं धरा, देवाचं काम दोन्हींत सारखंच आहे.

पाद्रीबाबा आले. ते म्हातारे होते आणि दोन्ही बाजूंना घाबरत होते. पण फुटक्या गाडग्याच्या खापरीत राहिलेलं पाणी त्यांनी बोटाने चाखलं आणि खापरी बस्त्यावपुढे धरली. शेवटी बस्त्यावनेच तोड काढली. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या, शनिवारपर्यंत रहाट बंद. त्या दिवशी बाप्तिस्म्याच्या कुंडासाठी बावखलातूनच पाणी भरतात. ते पाणी गोड निघालं तर क्रूस राहील. खारं निघालं तर सांतानने तो स्वतःच्या हाताने उपटायचा आणि आपली वाडी गावाला देऊन पाचबन सोडायचं.

सांतान हो म्हणाला. कोंसू गर्दीत उभी होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि तीही हो म्हणाली.

शनिवारला पंधरा दिवस होते. चौथ्या दिवशी पानवेल माना टाकू लागली. आठव्या दिवशी पानं गळाली. कोंसू ती रोज झाडून गोळा करी आणि खतात टाकी. शेजाऱ्यांनी बोलणं सोडलं. त्यांच्याही केळी वाळत होत्या आणि त्याचं कारण सांतान होता. रोज सकाळी धर्मी पायऱ्या उतरे, ओंजळीत पाणी घेई, तोंडात धरी, थुंके आणि मान हलवी. नाही. पाणी मात्र चढत होतं. एक बोट, दोन बोटं. कोरडं आभाळ आणि चढणारं पाणी, हे लोक काठावर उभे राहून बघत. झावळ्यांच्या रविवारी, पास्काच्या आठवडाभर आधी, मिठागरात धर्मीच्या सुनेला मुलगी झाली. त्या दिवशीही धर्मी आली, चाखलं, मान हलवली. नाही.

सांतानने एकदाच विचारलं, होईल का?

"मला काय ठाऊक," धर्मी म्हणाली. "मी चाखते. पाणी मी नाही करत."

गुड फ्रायडेला पाणी क्रुसाच्या पायाला दोन बोटं कमी होतं.

त्या काळी पास्काच्या पाण्याचा आशीर्वाद शनिवारी सकाळीच होई. पहाटे बस्त्याव आणि सांतान दोघांनी मिळून हंडा भरला. क्रुसाचा पाय ओला झाला होता. हंडा देवळाच्या दाराशी आला. पाद्रीबाबा चाखायला पुढे झाले, तेव्हा सांतान म्हणाला, "तुमच्या जिभेला कळायला पंधरा दिवस लागतात, बाबा. माझ्याही. जिला आधी कळलं, तिला विचारा."

धर्मी आवाराबाहेर, चिंचेखाली उभी होती. देवळात ती कधी आली नव्हती आणि त्या दिवशीही येणार नव्हती. मग पाद्रीबाबाच झगा सावरत बाहेर गेले. हंडा खाली ठेवला. स्वतःच्या हाताने त्यांनी तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. सगळा गाव दारात दाटला होता. धर्मीने पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटले. सांतान तिच्या घशाकडे बघत होता. थुंकली तर संपलं.

धर्मीने पाणी गिळलं.

"गोड," ती म्हणाली.

बस्त्याव पुढे झाला, त्याने ओंजळ भरून पाणी घेतलं आणि प्यायला. मग तो बावखलाकडे गेला आणि आपल्या चारही माळांतली सात सात गाडगी त्याने स्वतः सोडली. सांतानची पानवेल पुन्हा फुटली नाही. त्याने नंतर तिथे मोगरा लावला, त्याला पाणी कमी लागतं.

लाकडी क्रूस पुढे कुजला आणि त्याच जागी दगडी क्रूस आला. आता रहाट गेले, नऊ मोटारी आल्या. मिठागरंही बरीचशी बुजली. त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या, आणि शेजारच्या गावांची बावखलं भरावाखाली गेली. तिथे आता टँकर येतात. पाचबनात मात्र आजही क्रुसाचा पाय कोरडा दिसला की नऊही मोटारी बंद होतात, मग वाडीत काहीही असो. आजही पास्काच्या शनिवारी पाद्री हंडा घेऊन आवाराबाहेर जातात आणि मिठागरवस्तीतली सगळ्यांत वयस्क बाई पाणी चाखते. तोवर गायनमंडळ गप्प असतं.

पाहुणे विचारतात, ती बाई नेहमी गोडच म्हणत असेल ना?

कायतान मास्तर मग क्रुसाकडे बघतात. मागे एका वर्षी, ते सांगतात, ती थुंकली. पाद्रींनी हंडा तिथेच झाडाच्या मुळाशी ओतला. कुंड कोरडं राहिलं, मोटारी बंद राहिल्या, दोन वाड्या वाळून गेल्या, आणि गावातली तीन बाळं बाप्तिस्म्यासाठी सात आठवडे थांबली. कोणी तक्रार केली नाही. पाचबनात आजही पाणी आधी तिच्या जिभेवर उतरतं, मग बाळाच्या कपाळावर.