घंटेच्या हद्दीपलीकडचा शेजारी

एका ओढ्याकाठच्या गावात एक लहानसं चर्च होतं. तिथले पाळक मोठे विद्वान होते, पण आपण लावलेला अर्थ चुकला तर काय, ही धास्ती त्यांना कायम असे.

चर्चची एक बैलगाडी आजाऱ्यांना नेण्यासाठी होती. ती कोणाला द्यायची यावरून कुरबुर चाले. एकदा पंच दाविदरावांनी विचारलं, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करा हे ठीक, पण शेजारी म्हणजे कुठवरचा? पाळकांनी पुष्कळ ग्रंथ चाळले आणि ठरवून दिलं, की घंटा ऐकू येते तिथवर शेजार. सगळ्यांना ते पटलं.

एका दुपारी ओढ्यापलीकडच्या वीटभट्टीवरचा मजूर धावत आला. त्याची बायको अडली होती, सुईणीने हात टेकले होते. भट्टीवरची माणसं परगावची, परधर्माची. तरी दाविदराव नाही म्हणाले नाहीत. त्यांनी घंटा वाजवायला लावली आणि एकाला पलीकडे ऐकायला पाठवलं.

बऱ्याच वेळाने तो परतला. "नाही येत ऐकू. वारा तिकडून इकडे वाहतोय."

"मग, पाळकसाहेब?" दाविदरावांनी विचारलं.

पाळकांच्या मनात आलं, आज नियम मोडला तर उद्या कुठे थांबायचं?

तेव्हा चर्चमध्ये गाणी शिकवणाऱ्या सगुणाबाई म्हणाल्या, "जरा सगळे गप्प उभे राहा."

सगळे गप्प झाले. वाऱ्याबरोबर एका बाईचं ओरडणं येत होतं.

"तिला आपली घंटा ऐकू येत नाही," सगुणाबाई म्हणाल्या. "आपल्याला ती ऐकू येतेय."

पाळकांनी स्वतः बैल जुंपले. दाविदराव गाडीत पेंढा अंथरू लागले.

शहरातल्या दवाखान्यात आई वाचली. मूल वाचलं नाही. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

रविवारी पाळकांनी सांगितलं, की नियम माझा होता आणि तो चुकला.

"मग आता हद्द कुठली धरायची?" दाविदरावांनी हळूच विचारलं.

"ते मला ठरवता येत नाही," पाळक म्हणाले. "घंटा थांबली की थोडा वेळ आपण ऐकत जाऊ."

तेव्हापासून त्या चर्चमध्ये घंटा थांबल्यावर लगेच उपासना सुरू होत नाही. दारं उघडी ठेवून सगळे क्षणभर बाहेर कान देतात.

तात्पर्य एवढंच: आपला आवाज कुठवर पोचतो यावरून शेजारी ठरत नाही. ज्याची हाक आपल्या कानी आली, त्याचे शेजारी आपण.