झोपलेल्या राजवाड्यातली जागी बाई

एकदा काय झालं, एका राजाला मुलगी झाली. बारशाला अख्ख्या गावाला बोलावलं, पण रानातल्या जखिणीला बोलवायचं राहूनच गेलं. मग ती रागावणारच ना? ती तडक वाड्यात आली आणि म्हणाली, "झोपा मेल्यांनो!"

झालं. राजा सिंहासनावर पेंगला. राणी पाळण्याची दोरी धरून झोपली. पाळण्यातली बाळीही झोपली.

जागी राहिली एकटी भिवराबाई, राजाची स्वयंपाकीण. ती मागच्या परसात कढीपत्ता तोडायला गेली होती, बरं का. परत येऊन बघते तर सगळं सामसूम.

मग तिने आधी ढोल बडवला. कोणी हललं नाही. मग मिरच्यांची खमंग फोडणी दिली. तिचीच ठसक्याने पुरेवाट झाली. मग ती राजाच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "महाराज, मला एकटीला भीती वाटते हो." राजा घोरतसुद्धा नव्हता.

अशी सात वर्षं गेली. खिडक्यांवर वेली चढल्या, आत अंधार झाला. भिवराबाई रोज राजाच्या नाकावरचं कोळ्याचं जाळं काढी. बाळीवरच्या माशा हाकी. शंभर माणसांच्या पातेल्यात मूठभर भात शिजवी आणि एकटीच जेवी. आडवी मात्र कधी होत नसे. आपणही झोपलो तर या सगळ्यांकडे बघायचं कोणी? भिंतीला टेकून डुलकी काढायची, बस्स.

मग एका सकाळी वेली कापत एक राजपुत्र आला.

"झोपलेली राजकन्या इथेच ना? मी तिच्याशी लग्न करायला आलोय."

भिवराबाईने पाळण्याकडे बोट दाखवलं. आत बारा दिवसांची मुलगी! झोपेत वाढणार कशी ती? राजपुत्राचं तोंड एवढंसं झालं.

मग त्याने भिवराबाईकडे नीट पाहिलं. डोळे पार खोल गेले होते.

"मावशी, तुम्ही शेवटच्या कधी झोपलात?"

भिवराबाईला आठवेचना. तिला रडूच आलं, आणि रडत रडत तिने सात वर्षांचं सगळं सांगून टाकलं.

"पडा जरा," तो म्हणाला. "माशा मी हाकतो."

भिवराबाई आडवी झाली, आणि घोरायला लागली. असं घोरली, असं घोरली, की हंड्या खणखणल्या, वेली गळून पडल्या. राजा दचकून उठला. राणी उठली. बाळीने टाहो फोडला.

"आम्ही किती वेळ झोपलो?" राजाने विचारलं.

राजपुत्राने सगळं सांगितलं. राजाने मान खाली घातली. मग अंगावरची शाल काढून त्याने हळूच भिवराबाईवर घातली.

"कोणी आवाज करू नका," तो म्हणाला.

भिवराबाई तीन दिवस झोपली. तोवर राजाने स्वतः पिठलं केलं, तेही करपवलं. सात वर्षांच्या जागरणाने तिचे केस पांढरे झाले होते, पण ती उठली तेव्हा ताट वाढून सगळे तिच्यासाठी थांबले होते. राजपुत्राला नवरी नाही मिळाली, पिठलं मिळालं. पुढे सगळे सुखात राहिले.

चला, पाय पांघरुणात घ्या. आता तुम्ही झोपा. जागी मी आहे.